झिप आणि रार फाइली सुरक्षितपणे उघडण्यासाठी: कार्यालयातील संगणकाची पायरीपायरीने तपासणी

झिप किंवा रार फाइल उलगडताना आपण केवळ आतील कागद बाहेर काढत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी आपला संगणक पाठवणाऱ्याने लिहून ठेवलेली एक यादी वाचत असतो. अमुक नावाची फाइल तयार कर, ती अमुक फोल्डरमध्ये ठेव, उलगडल्यावर तिचा आकार इतका होईल, असे त्या यादीत नोंदलेले असते. नाव, जागा आणि आकार या तिन्ही गोष्टी पाठवणारा ठरवतो, आणि उलगडणारा प्रोग्रॅम त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवतो की त्या पारखून घेतो, यावर आपल्या संगणकाची सुरक्षितता अवलंबून असते. गेल्या काही वर्षांत या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या गंभीर त्रुटींपैकी बऱ्याचशा नेमक्या याच ठिकाणच्या आहेत.

हा लेख सनदी लेखापालांची कार्यालये, डीटीपी केंद्रे, पतसंस्था, शाळांची कार्यालये आणि घरगुती संगणक वापरणारे यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. विवरणपत्रे, मराठी फॉन्टचे संच, लग्नसमारंभाची छायाचित्रे, निविदांची कागदपत्रे असे बरेच काही या मंडळींकडे रोज झिप करूनच येते. शेवटी एक भाग प्रोग्रॅमरांसाठी आहे. ज्यांचा त्याच्याशी संबंध नाही त्यांनी तो ओलांडून पुढे जावे.

एक प्रकरण जवळून

पायऱ्या सुरू करण्यापूर्वी एक प्रकरण नीट समजून घेतले, तर पुढील प्रत्येक सूचनेमागचे कारण आपोआप कळेल. १८ जुलै २०२५ रोजी ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना झिप-रार फाइली उलगडणाऱ्या विनरार या प्रोग्रॅममधील एक अज्ञात त्रुटी हल्ल्यासाठी वापरली जात असल्याचे आढळले. पुढे तिला ज्ञात त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला सीव्हीई-२०२५-८०८८ हा क्रमांक मिळाला. रोमकॉम या नावाने ओळखली जाणारी टोळी युरोप आणि कॅनडातील वित्त, उत्पादन, संरक्षण आणि मालवाहतूक क्षेत्रांतील कंपन्यांना नोकरीच्या अर्जाच्या निमित्ताने रार फाइली पाठवत होती. ती फाइल विनरारमध्ये उघडली की आत एकच निरुपद्रवी फाइल, म्हणजे अर्जदाराची माहिती, दिसत असे.

त्या एका फाइलीला मात्र अनेक अदृश्य शेपट्या जोडलेल्या होत्या. फाइली साठवण्याच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत एका फाइलीला मुख्य मजकुराखेरीज आणखी मजकुराचे प्रवाह जोडता येतात आणि फोल्डरच्या यादीत ते दिसत नाहीत. हल्लेखोरांनी या प्रवाहांच्या नावांत ‘एक फोल्डर मागे जा’ असा अर्थ असणारी दोन टिंबे आणि तिरकी रेघ पुन्हा पुन्हा लिहिली होती. परिणामी वापरकर्त्याने निवडलेल्या फोल्डरमधून बाहेर पडून एक डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने चालवायचा कोड असलेली, फाइल तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, आणि तिला चालवणारा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसे. स्टार्टअपमधील प्रत्येक गोष्ट पुढच्या लॉगिनला आपोआप चालते, त्यामुळे वापरकर्त्याने आणखी काही क्लिक करण्याची गरजच उरत नसे.

या प्रकरणातील सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे हल्लेखोरांनी मुद्दाम पेरलेल्या चुका. चुकीच्या जागा सांगणारे कितीतरी निरर्थक प्रवाह त्यांनी फाइलीत भरले होते. उलगडताना विनरारच्या खिडकीत त्रुटींच्या संदेशांची लांबलचक यादी दिसे आणि घातक जागांची नावे त्या गर्दीत खाली दडून जात. असे संदेश आले की आपण बहुतेक वेळा ते न वाचता खिडकी बंद करतो, आणि हा डाव त्याच सवयीवर रचलेला होता. ३० जुलै २०२५ रोजी विनरारची ७.१३ आवृत्ती आली आणि ही त्रुटी दूर झाली. ज्यांनी ही आवृत्ती स्वतःहून उतरवून घेतली, त्यांच्यापुरतीच अर्थात ती दूर झाली.

पहिली पायरी: संगणकावर नेमके काय आहे ते शोधणे

विनरार आणि सेव्हन-झिप हे फाइली उलगडणारे दोन्ही प्रोग्रॅम स्वतःला आपोआप अद्ययावत करत नाहीत. ब्राउझर आणि विंडोज आपापले सुधार परस्पर बसवून घेतात, त्यामुळे सगळेच सॉफ्टवेअर तसे करते असा आपला समज होतो. कार्यालयात पाच-सहा वर्षांपूर्वी संगणक बसवणाऱ्याने टाकलेली विनरार तशीच्या तशी चालू असणे ही म्हणूनच अपवादात्मक स्थिती नाही. प्रोग्रॅम उघडून हेल्प या मेनूमध्ये जावे आणि अबाउट ही ओळ निवडून आवृत्ती पाहावी. विनरार ७.१३ किंवा त्यापुढची हवी. सेव्हन-झिप २५.०१ किंवा त्यापुढची हवी, कारण जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २५.०० आणि २५.०१ या आवृत्त्यांनी सांकेतिक दुव्यांच्या (सिंबॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) आडून फोल्डरबाहेर फाइल लिहू देणाऱ्या त्रुटी बंद केल्या. नवी आवृत्ती निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. शोधयंत्रात नाव टाकल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातीवर किंवा मोफत सॉफ्टवेअर देणाऱ्या तिसऱ्याच संकेतस्थळावर जाऊ नये.

पायरेटेड किंवा क्रॅक केलेली विनरार असेल, तर ती काढून टाकावी. विनरारची ४० दिवसांची चाचणी मुदत संपल्यावरही प्रोग्रॅम बंद पडत नाही, केवळ खरेदीची आठवण करून देतो. त्यामुळे अनोळखी माणसाने बदललेली प्रत संगणकावर ठेवण्याचे कोणतेही कारण उरत नाही. क्रॅक केलेली प्रत अद्ययावत करायला लोक धजत नाहीत आणि जुनी त्रुटी वर्षानुवर्षे तशीच राहते, हा त्यातला अधिक मोठा धोका आहे.

यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमधील स्थापित ॲपची यादी वरपासून खालपर्यंत वाचावी आणि फाइली उलगडणारे जे प्रोग्रॅम कोणी वापरत नाही, ते सरळ काढून टाकावेत. जुना, निर्मात्याने सोडून दिलेला कोड किती महाग पडतो, हे २०१९ च्या फेब्रुवारीत चेक पॉइंटच्या संशोधकांनी दाखवले होते. एसीई नावाचा, जवळपास कोणीही न वापरणारा एक फाइल प्रकार उघडण्यासाठी विनरारने एक बाहेरची डीएलएल वापरली होती. ती २००५ नंतर बदललेलीच नव्हती, आणि तिच्यातील त्रुटी सुमारे १९ वर्षे विनरारमध्ये होती. एसीई फाइलीचे नाव बदलून शेवटी रार असे लिहिले, तरी विनरार ती आतील मजकुरावरून ओळखून याच डीएलएलकडे सोपवत असे, आणि पुढे घडे ते वरच्या प्रकरणासारखेच: फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये. त्या डीएलएलचा मूळ कोड विनरारकडे नसल्याने दुरुस्ती शक्य नव्हती. शेवटी ५.७० आवृत्तीत एसीईचा आधारच काढून टाकावा लागला. यावरून घ्यायचा व्यवहार साधा आहे. जी सोय आपण वापरत नाही, ती संगणकावर नसणे हेच उत्तम संरक्षण.

ज्यांचे काम केवळ साध्या झिपवर भागते, त्यांना विंडोजचा फाइल एक्स्प्लोरर पुरेसा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून विंडोज ११ चा एक्स्प्लोरर लिबआर्काइव्ह या मुक्तस्रोत लायब्ररीच्या आधारे रार आणि सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचा स्वतःचा प्रकार) फाइलीही उघडतो, आणि त्याचे सुधार विंडोज अपडेटसोबत येतात. विंडोज १० चा नियमित आधार मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. वाढीव सुरक्षा सुधारांची नोंदणी केलेली नसेल, तर त्या संगणकावरचा एक्स्प्लोररही जुन्या विनरारइतकाच दुर्लक्षित समजावा. मॅकवर आर्काइव्ह युटिलिटी ही प्रणालीचाच भाग असल्याने मॅकओएस अद्ययावत ठेवणे पुरते.

दुसरी पायरी: इंटरनेटवरून आल्याची खूण टिकवणे

ब्राउझरने किंवा ईमेल प्रोग्रॅमने उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य खूण लावते. ही फाइल बाहेरून आलेली आहे, एवढेच ती सांगते. याच खुणेमुळे वर्ड किंवा एक्सेल फाइल आधी संरक्षित दृश्यात उघडते, आणि अनोळखी प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी विंडोज आपल्याला अडवून विचारते. झिप फाइलीवर खूण असते. प्रश्न असा आहे की तिच्यातून बाहेर काढलेल्या फाइलींवर ती उतरते का.

सेव्हन-झिपमध्ये ही सोय २०२२ साली २२.०० आवृत्तीपासून आली, पण ती मुळात बंदच ठेवलेली असते. ती चालू करण्यासाठी सेव्हन-झिप फाइल मॅनेजर उघडावा, टूल्समधून ऑप्शन्समध्ये जावे, सेव्हन-झिप असे नाव असलेला टॅब निवडावा आणि ‘प्रॉपगेट झोन आयडी स्ट्रीम’ या ओळीसमोर ‘येस’ निवडून ओके करावे. तिथेच केवळ ऑफिसच्या फाइलींपुरता असा एक मधला पर्याय दिसतो, तो निवडू नये. विनरारच्या ७.१० पासूनच्या आवृत्त्यांत सेटिंग्जमधील सिक्युरिटी टॅबवर याच अर्थाची निवड आहे. तीही तपासून सर्व फाइलींसाठी चालू ठेवावी.

खूण लागते की नाही, हे स्वतः पाहून घेणे सोपे आहे. एखादी परिचित झिप फाइल ब्राउझरने उतरवावी, उलगडावी, बाहेर आलेल्या फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडाव्यात. खालच्या बाजूला ही फाइल दुसऱ्या संगणकावरून आल्याचे वाक्य आणि ‘अनब्लॉक’ हा चौकोन दिसला, तर व्यवस्था बरोबर चालली आहे.

ही खूण चुकवण्यासाठी हल्लेखोर किती कष्ट घेतात, याचे उदाहरण युक्रेनमधले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रेंड मायक्रोच्या संशोधकांनी सेव्हन-झिपमधील एक त्रुटी हल्ल्यात वापरली जात असल्याचे शोधले, तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-०४११. एका झिपच्या आत दुसरी झिप ठेवली, की बाहेरचीची खूण आतल्या फाइलींपर्यंत पोहोचत नसे. शिवाय आतल्या झिपच्या नावातील शेवटचे अक्षर सिरिलिक लिपीतील ‘एस’ हे होते. ते दिसायला हुबेहूब रोमन ‘सी’सारखे असल्याने ती झिप वर्डची डॉक फाइल असल्यासारखी दिसे. आणि ईमेल येत होते ते खऱ्याखुऱ्या युक्रेनी कार्यालयांच्या, आधीच ताबा मिळवलेल्या खात्यांवरून. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस आलेल्या २४.०९ आवृत्तीने ही वाट बंद केली. ओळखीच्या पत्त्यावरून आलेली फाइल सुरक्षित असते, हा समज मनातून काढून टाकण्यासाठी हे एक प्रकरण पुरेसे आहे.

तिसरी पायरी: उघडण्यापूर्वी यादी वाचणे

आधी विंडोजची एक सेटिंग बदलून घ्यावी. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूमधील शो या भागात ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ चालू करावे. ते बंद असेल, तर ‘बिल’ या नावापुढे पीडीएफ आणि त्यापुढे ईएक्सई असे लिहिलेली फाइल केवळ पीडीएफ म्हणून दिसते. शॉर्टकटचे, म्हणजे एलएनके फाइलीचे, शेवटचे शब्द मात्र ही सेटिंग चालू केल्यावरही दिसत नाहीत. त्यामुळे उलगडलेल्या फोल्डरमध्ये डिटेल्स हे दृश्य ठेवून ‘टाइप’ हा रकाना पाहण्याची सवय लावावी. ‘टाइप’खाली शॉर्टकट, ॲप्लिकेशन, विंडोज कमांड स्क्रिप्ट, जावास्क्रिप्ट किंवा एचटीए असे काही दिसले, आणि आपण मागवलेले होते बिल किंवा छायाचित्र, तर तिथेच थांबावे.

झिप किंवा रारच्या खिडकीतच एखाद्या फाइलीवर डबल क्लिक करून ती उघडण्याची सवय सर्वांनाच असते, कारण त्यात एक पायरी वाचते. ही सवय सोडावी, असे मी आग्रहाने सांगतो. २०२३ मधील विनरारची सीव्हीई-२०२३-३८८३१ ही त्रुटी नेमकी याच सवयीवर चालत होती. हल्लेखोरांच्या फाइलीत एक पीडीएफ किंवा छायाचित्र असे, आणि शेजारी अगदी त्याच नावाचा, शेवटी एक मोकळी जागा सोडलेला, फोल्डर असे. वापरकर्त्याने पीडीएफवर डबल क्लिक केले, की नावे जुळल्यामुळे विनरार त्या फोल्डरमधील मजकूरही तात्पुरत्या जागी काढे, आणि मोकळ्या जागेच्या गोंधळामुळे पीडीएफऐवजी फोल्डरमधली कमांड फाइल चालत असे. शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांच्या चर्चामंचांवर अशा फाइली एप्रिल २०२३ पासून फिरत होत्या. ग्रुप-आयबी या कंपनीने त्रुटी कळवल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ६.२३ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. दुरुस्तीनंतरही ऑक्टोबरमध्ये गूगलच्या धोका विश्लेषण गटाने कळवले, की अनेक देशांच्या पाठबळावर चालणारे हल्लेखोर गट अजून तीच त्रुटी वापरत आहेत. जुन्या आवृत्त्या लोकांच्या संगणकांवर राहतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

म्हणून उघडण्याचा क्रम असा ठेवावा. फाइल प्रथम विनरार किंवा सेव्हन-झिपच्या खिडकीत केवळ पाहण्यासाठी उघडावी आणि यादी शेवटपर्यंत खाली सरकवून वाचावी. एकाच नावाची फाइल आणि फोल्डर, नावात लांबलचक मोकळ्या जागा, नावाच्या सुरुवातीला दोन टिंबे किंवा ड्राइव्हचे अक्षर, दोन-दोन शेवट असलेली नावे, झिपच्या आत पुन्हा झिप, यांपैकी काही आढळल्यास पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. आक्षेपार्ह काही नसेल, तर सर्व फाइली एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडाव्यात. डेस्कटॉपवर किंवा आधीच फाइली असलेल्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये उलगडू नये. त्रुटींचे संदेश आले, तर ते वाचावेत. मग त्या फोल्डरवर राइट क्लिक करून अँटिव्हायरसने तपासावे आणि त्यानंतरच फाइल उघडावी. हे सारे ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून करू नये. रोजच्या कामाला साधे खाते वापरले, तर एखादी फाइल निसटलीच तरी ती विंडोजच्या मूळ फोल्डरांत शिरू शकत नाही. स्टार्टअप फोल्डर प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतःचाही असतो, त्यामुळे साधे खाते हे पूर्ण संरक्षण नाही, हेही ध्यानात असावे.

आकाराकडेही एक नजर टाकावी. फार पूर्वीपासून फिरणारी ४२.झिप ही फाइल अवघी ४२ किलोबाइटची आहे, पण तिच्या पोटातील झिपच्या आतील झिप शेवटपर्यंत उलगडत गेल्यास सुमारे ४५ लाख गिगाबाइट मजकूर तयार होतो. २०१९ मध्ये डेव्हिड फिफील्ड या संशोधकाने थर न रचता, एकच दाबलेला मजकूर अनेक नोंदींनी वाटून घेण्याच्या युक्तीने, साधारण १० मेगाबाइटच्या झिपमधून २८१ टेराबाइट निघतील अशी फाइल बनवून दाखवली. कार्यालयात असे क्वचितच येईल. तरी लहानशा झिपसमोर मूळ आकाराच्या रकान्यात अवाढव्य संख्या दिसली, तर ती उलगडू नये, एवढे पुरे.

चौथी पायरी: पासवर्ड लावलेल्या फाइली

पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत ईमेल सेवेचा तपासणी प्रोग्रॅम पाहू शकत नाही, आणि हल्लेखोरांना नेमके हेच हवे असते. आयकर नोटीस, कुरियरची पावती किंवा न्यायालयाचे समन्स अशा नावाची झिप जोडलेली आहे आणि तिचा पासवर्ड त्याच ईमेलच्या मजकुरात दिलेला आहे, हे दृश्य दिसताच संशय घ्यावा. पासवर्ड त्याच पत्रात लिहिल्याने गुप्तता काहीच राहत नाही. साध्य होते ते एवढेच, की तपासणी टळते.

आपण स्वतः पाठवताना झिपची जुनी, झिपक्रिप्टो नावाची पासवर्ड पद्धत वापरू नये. १९९४ मध्ये एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी ती फोडण्याची रीत प्रसिद्ध केली. आतल्या मूळ मजकुराचे डझनभर बाइट ठाऊक असले, तर पासवर्ड न कळताही फाइल उघडता येते, आणि अनेक फाइल प्रकारांची सुरुवात ठरलेलीच असते. सेव्हन-झिपमध्ये फाइल बनवताना एन्क्रिप्शनच्या रकान्यात एईएस-२५६ निवडावे. झिप प्रकारात एईएस वापरले तरी आतील फाइलींची नावे उघडीच दिसतात. सेव्हन-झेड प्रकार निवडून ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’ या चौकोनात खूण केली, तर तीही झाकली जातात. ग्राहकाचे पॅन किंवा नाव फाइलीच्या नावातच लिहिण्याची पद्धत असलेल्या कार्यालयांनी याची विशेष काळजी घ्यावी. पासवर्ड फोनवर सांगावा. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइलही चार अक्षरी शेअर कोडने बंद केलेली झिपच असते. ती पाठवताना शेअर कोड त्याच संदेशात लिहू नये.

ज्यांच्याकडे सर्व्हर किंवा प्रोग्रॅमिंगचे काम आहे त्यांच्यासाठी

माणसाने काहीच न उघडता यंत्रच फाइली उलगडत असेल, तर धोका अधिक गंभीर असतो. २०२२ मध्ये झिम्ब्रा या ईमेल सर्व्हरबाबत हे दिसले. येणाऱ्या ईमेलमधील रार जोडण्या तपासण्यासाठी सर्व्हर अनरार हा प्रोग्रॅम वापरत होता. लिनक्स आणि युनिक्सवरील अनरार सांकेतिक दुव्याची जागा आधी तपासे आणि विंडोजच्या उलट्या तिरक्या रेघा सरळ रेघांत नंतर बदले. या उलटसुलट क्रमामुळे तपासणीतून सुटलेली जागा बदलानंतर घातक होत असे. सर्व्हरवर ताबा मिळवण्यासाठी केवळ एक ईमेल पाठवणे पुरेसे होते. मे २०२२ मध्ये अनरारच्या ६.१२ आवृत्तीने ही त्रुटी दूर केली. आपल्या सर्व्हरवर ईमेल तपासणी, बॅकअप, छायाचित्रांची लघुचित्रे बनवणे अशी कामे करणाऱ्या प्रत्येक सेवेमागे उलगडण्याची कोणती लायब्ररी आहे आणि तिची आवृत्ती काय आहे, याची यादी बनवणे हे म्हणूनच पहिले काम आहे.

कोड लिहिताना आर्काइव्हमधील नाव थेट लक्ष्य फोल्डरला जोडून फाइल लिहू नये. जून २०१८ मध्ये स्निक या कंपनीने झिप स्लिप या नावाने प्रसिद्ध केलेल्या त्रुटी हजारो प्रकल्पांत सापडल्या, त्या याच एका चुकीतून. जावामध्ये हे काम सुरक्षितपणे करणारी मध्यवर्ती सोय नसल्याने प्रत्येकाने तोच असुरक्षित कोड इकडून तिकडे उतरवून घेतला होता. नाव जोडल्यावर मिळालेली पूर्ण जागा आधी सरळ करून घ्यावी, मग ती लक्ष्य फोल्डरच्या पूर्ण नावाने, शेवटच्या तिरक्या रेघेसह, सुरू होते का ते पाहावे. शेवटची रेघ विसरली, तर ‘अपलोड’ फोल्डरसाठी केलेली तपासणी ‘अपलोड२’लाही मान्य करते. सांकेतिक आणि कठीण दुवे (सिंबॉलिक आणि हार्ड लिंक) सरसकट नाकारावेत. आकाराची मर्यादा आर्काइव्हमध्ये लिहिलेल्या आकड्यावरून ठरवू नये. उलगडताना प्रत्यक्ष बाहेर पडणारे बाइट मोजत राहावे आणि मर्यादा ओलांडली की काम थांबवावे. फाइलींच्या एकूण संख्येलाही मर्यादा हवी.

पायथॉन वापरणाऱ्यांनी टारफाइल मॉड्यूलकडे स्वतंत्र लक्ष द्यावे. फोल्डरबाहेर लिहू देणारा त्यातील दोष २००७ मध्येच नोंदवला गेला होता, सीव्हीई-२००७-४५५९. त्या वेळी इशारा लिहून तो तसाच सोडला गेला. २०२२ मध्ये ट्रेलिक्सच्या संशोधकांनी अंदाज मांडला, की सुमारे ३,५०,००० मुक्तस्रोत प्रकल्प त्यामुळे असुरक्षित आहेत. पायथॉन ३.१२ मध्ये गाळणीचा (फिल्टर) पर्याय आला आणि ३.१४ मध्ये ‘डेटा’ ही कडक गाळणी मूळ वर्तन झाली. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल, तर ही गाळणी स्वतः नोंदवावी लागते. जून २०२५ मध्ये खुद्द या गाळणीतही त्रुटी सापडून दुरुस्त झाल्या, त्यामुळे पायथॉनची उपआवृत्तीही ताजी हवी. आणि लिनक्स सर्व्हरवर एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० किंवा ५.६.१ या आवृत्त्या कुठे राहिल्या नाहीत ना, हे एकदा पाहून घ्यावे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे जाणवले, आणि त्यातून याच दोन आवृत्त्यांत पेरलेले चोरदार उघड झाले.

संशयास्पद फाइल उघडली गेली असेल तर

आधी संगणकाचे इंटरनेट तोडावे, म्हणजे केबल काढावी किंवा वायफाय बंद करावे. संगणक पुन्हा सुरू करू नये, कारण स्टार्टअपमध्ये बसलेली फाइल नेमकी पुढच्या लॉगिनचीच वाट पाहत असते. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून रन खिडकी उघडावी, तिच्यात इंग्रजी अक्षरांत शेल, मग कोलन, मग स्टार्टअप असे लिहून एंटर दाबावे. उघडलेल्या फोल्डरमध्ये आपण न ठेवलेला शॉर्टकट किंवा स्क्रिप्ट दिसल्यास तिच्यावर डबल क्लिक न करता तिचे नाव आणि तारीख मोबाइलने छायाचित्र काढून नोंदवावी. हीच तपासणी इंग्रजीत शेल, कोलन, कॉमन आणि स्टार्टअप लिहून सर्व वापरकर्त्यांच्या समाईक फोल्डरसाठीही करावी. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप ॲप्स हा भागही पाहावा. मूळ झिप किंवा रार फाइल आणि ती ज्या ईमेलने आली तो ईमेल पुसून टाकू नये, तपासाला तोच पुरावा लागतो.

बँकेचे, ईमेलचे आणि जीएसटी किंवा आयकर पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावेत. त्या संगणकावरून पैशांचे व्यवहार झाले असतील, तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकाला ताबडतोब कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले, तर रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता अधिक असते. कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना आणखी एक बंधन आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, ठरवून दिलेल्या प्रकारचा सायबर प्रसंग लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवावा लागतो. त्यामुळे फाइल कोणी, किती वाजता आणि कोणत्या प्रोग्रॅमच्या कोणत्या आवृत्तीत उघडली, हे त्याच वेळी कागदावर लिहून ठेवावे. ज्या कर्मचाऱ्याच्या हातून ती उघडली गेली, त्याच्यावर रागावण्याआधी त्याच्याकडून हा तपशील शांतपणे विचारून घ्यावा.